बुजवलेला चर

आई गेली ती श्रावणातल्या एका सकाळी, आणि दुपारपर्यंत तिच्यासाठी तीन खड्डे खणून झाले होते. तिन्ही पाण्यानं भरले. दोघं खणायचे, दोघं उपसायचे, आणि दम खायला जरा थांबलं की पाणी पुन्हा मांडीपर्यंत. मावळात पावसाळ्यात माणसं मरत नाहीत असं थोडंच आहे! आमच्या कब्रस्तानात पूर्वी भर आषाढात मयती झाल्या होत्या आणि कोरड्या मातीत झाल्या होत्या. चूक पावसाची नव्हती, माझी होती. ती मला पहिल्याच खड्ड्यात कळली, तरी तिसरा खणून होईपर्यंत मी तोंड उघडलं नाही.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. टाकव्याजवळ आम्हा मुसलमानांची चार घरं होती. आमचं किराणा मालाचं दुकान, आणि कब्रस्तानाच्या खालच्या अंगाला भाताचं एक खाचर. डोंगराचं पाणी कब्रस्तानाच्या जमिनीत मुरत खाली उतरायचं. ते ओढ्याला काढून द्यायला जुन्या माणसांनी दगड लावून एक खोल चर काढला होता. तो आमच्या खाचरातून, मग खालचे शेजारी आबा यांच्या खाचरातून ओढ्यापर्यंत जायचा. कुणी काढला, कधी काढला, कुणालाच सांगता येत नव्हतं. दर उन्हाळ्यात त्यातला गाळ काढायचा, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

वडील होते तोवर ते काढत. ते गेले आणि पुढच्याच उन्हाळ्यात मी चर बुजवून टाकला. भाताला दोन हात रुंदीची पट्टी मिळेल, गाळाची कटकट जाईल. मोठा शहाणा ना मी!

"वरचं पानी कुटं जाईल रं?" आईनं विचारलं होतं.

"जाईल कुटंबी," मी म्हणालो.

आबांच्याकडचा चर मग कोरडाच राहू लागला, तेव्हा त्यांनीही तो नांगरून खाचरात घेतला. यात त्यांचं काय चुकलं? त्यानंतरच्या तीन पावसाळ्यांत आमच्या चार घरांत कुणी गेलं नाही, म्हणून माझा शहाणपणा उघडा पडला नाही इतकंच.

कुणीतरी म्हणालं, मयत दुसऱ्या गावच्या कब्रस्तानात नेऊ. पण वडिलांशेजारची जागा, एवढी एकच गोष्ट आईनं शेवटच्या आजारात माझ्याकडे मागितली होती. तिला आंघोळ घालून झाली होती. मी आबांकडे गेलो.

ते इरलं पांघरून बांधावरच उभे होते. चर उघडायचा म्हणजे त्यांनी नुकत्याच लावलेल्या भातातून कुदळ चालवायची, आणि वरचा सगळा गाळ त्यावर येणार. वर्षाचं खाणं होतं ते त्यांचं. मला मागताना लाज वाटली, पण मी मागितलं.

"आईला तरी इचारायचं व्हतंस बुजवताना," आबा म्हणाले.

"ती नगं म्हनली व्हती, आबा."

त्यांनी एकदा खाचराकडे पाहिलं. मग इरलं काढून बांधावर ठेवलं. "माज्याकडनं सुरू करा. चर खालनं वर काढत न्यायाचा असतोय. वरनं काढलात तर समदं पानी अंगावर यील."

म्हणजे पहिलं भात गेलं ते त्यांचं.

चर कुठून जात होता हे शोधावं लागलं नाही. बाकीच्या भातापेक्षा एक लांब पट्टा काळाभोर हिरवा दिसत होता. जुन्या गाळावर वाढलेलं भात. माझ्या खाचरातही तसाच पट्टा होता, आणि इतकी वर्षं मी तो येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकानं दाखवत आलो होतो.

आबा पुढं होऊन स्वतः रोपं उपटत गेले. जुडी बांधून ती बांधावर ठेवत होते, कुठं लावता आली तर बघू म्हणून. त्यांच्यामागून आम्ही आठ जण खणत होतो. हातभर खाली दगड लागले, जसेच्या तसे, एकही हललेला नाही. दिवस कलू लागला तेव्हा आम्ही कब्रस्तानाच्या कडेला पोचलो आणि शेवटचं ढेकूळ फोडलं. पाणी आलं ते काळं, कुबट वासाचं. माझ्या भातावरून आबांच्या भातावर पसरलं. बांधावरच्या जुड्याही वाहून गेल्या. आणि ते थांबेचना.

"लय दिसांचं तुंबलंय," आबा म्हणाले. मग माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. मला तेव्हाही उमगलं नाही. मला फक्त खड्ड्यातलं पाणी उतरताना दिसत होतं, आणि चक्क बरं वाटत होतं.

वडिलांशेजारचा पहिला खड्डाच शेवटी रिकामा झाला. खाली चिखल होता, त्यावर वाळू टाकली. आईला खाली घ्यायला मी उतरलो. तीन बाजू आता नुसत्या ओल्या होत्या. चौथ्या बाजूनं, वडिलांच्या बाजूनं, बोटाएवढी धार अजून येत होती.

चार पावसाळे माझे वडील पाण्यात होते.

मी त्या धारेवर तळहात दाबून धरला. वरून हाक आली, हात वर कर, आईला घे. एका हातानं ती झेपणार नव्हती, म्हणून मला तो काढावा लागला.