इतर हक्कांतली टिटवी

मी आज पदवीधर आहे तो आमच्या शेजारच्या काकांमुळे. आणि स्वतःच्याच प्लॉटवर पाय ठेवायला बिचकणारा नाशिकमधला एकमेव माणूस म्हणजेही काकाच. इगतपुरीकडच्या खेड्यातून मी नाशिक रोडला त्यांच्या शेजारी राहायला आलो, तेव्हा कॉलेजचा फॉर्म त्यांनी स्वतः भरला, रांगेत माझ्याबरोबर उभे राहिले आणि 'आवड' या रकान्यात मला न विचारता 'पक्षीनिरीक्षण' लिहून मोकळे झाले. तोवर पक्ष्यांशी माझा संबंध भाताच्या खळ्यावरून त्यांना हुसकावण्यापुरता होता.

काकांची नोकरी जमीन मोजणीच्या कचेरीत झाली. कचेरी सुटली, भाषा सुटली नाही. रस्त्यात मुंगूस आडवं आलं की ते स्कूटर थांबवत आणि मागून हॉर्न वाजवणाऱ्याला सांगत, "थांबा हो, वहिवाट आहे त्यांची." कुंपणावरची गुळवेल कुणी तोडली, तर "नोटीस दिली होती का?" असं विचारत. घरमालकाच्या माळ्याने काम सोडलं ते यामुळेच.

इंदिरानगरच्या पलीकडे त्यांचा एक प्लॉट होता. काकूंना तिथे स्वतःचं घर हवं होतं. सगळा संसार भाड्याच्या दोन खोल्यांत झाला होता. पण पहिल्याच उन्हाळ्यात गवंडी दोरी घेऊन आला, तर खडीत टिटवीची चार अंडी! काम थांबलं. पिल्लं चालती होईपर्यंत पाऊस लागला, पावसामागून पितृपक्ष आला. हिवाळ्यात गवंडी मोकळा असे, पण काका म्हणत, "आता पाया खणला, तर उन्हाळ्यात ती बसेल कुठं?" असं वर्षानुवर्षं चाललं.

"आवो काका, पाखरू हाय ते, भाडेकरू नाय. उठवलं की उठतंय," गवंडी कळवळून म्हणे.

"सातबाऱ्यावर नाव माझं आहे. इतर हक्कांच्या रकान्यात ती आहे."

"आणि मी कुठल्या रकान्यात?" काकू आतून विचारत.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी काका पुण्याला लेकीकडे गेले. काकूंनी तिथेच जाहीर केलं, की पाया खणल्याशिवाय त्या नाशिकला परतणार नाहीत. उन्हाळा लागताच काकांचा मला निरोप आला : "टिटवी बसली का पाहा आणि पत्रानं कळव. फोनवर माणूस समजूत घालतो." मी लिहिलं ते असं :

ती. काकांस सा. न.

सलग पाच सकाळी प्लॉटवर जाऊन आलो. टिटवी आलेली नाही. दोन्ही बाजूंना इमारती झाल्या आहेत, समोर दिवसभर फरशी कापतात. पलीकडच्या माळावरही पाहिलं; तिथेही तारेचं कुंपण पडलं आहे. काल गवंडी भेटला. "आता तर पाखरूबी नाय. खणू का?" म्हणाला. हो म्हणायला हवं होतं, पण "काकांना विचारतो" म्हणालो.

काकूंना सांगा, घर बांधायला आता कुणाचीच हरकत नाही. ही बातमी आनंदाने लिहायला बसलो होतो, तसं जमलं नाही. एक सुचवतो. मागच्या अंगाला थोडी जागा फरशी न घालता तशीच खडीची ठेवावी. तेवढ्याशा जागेत ती येणार नाही, हे मला कळतं. तरीही काकूंना विचारून कळवा.