कॉपी पकडली आणि डबा एकटा पडला

मंडळी, आज स्टाफरूममध्ये मी एकटीच जेवले.

काल परीक्षेत एका मुलीची कॉपी पकडली आणि नियमाप्रमाणे रिपोर्ट केला. ती आमच्या विभागप्रमुखांची भाची निघाली. एरवी आम्ही सगळे डबे एकत्र मांडतो आणि माझी शेंगाचटणी सगळ्यात आधी संपते. आज सगळे आपापले डबे उचलून दुसऱ्या टेबलावर गेले. चटणी तशीच राहिली.

हात धुवायला बाहेर आले, तर नळापाशी तीच मुलगी. मोहोळहून पेपरला येते. दारातून तिनं पाहिलं असावं.

"मॅडम, एकट्याच जेवला व्हय?"

"तुला राग नाही आला माझा?"

"लई आला. पण कॉपी मीच केलती की."

दिवसभरात माझ्याशी बोललेली ती एकटीच. उद्या डबा कुठं उघडू, सांगा.