मामा इन क्लोव्हर

सबंध सोलापुरात सुखी माणूस एकच होता, आणि ते म्हणजे आमच्या बायकोचे थोरले मामा. हे मत अर्थात मामांचंच होतं, पण ते इतकं ठासून सांगत की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी चुकत असल्यासारखं वाटे. गुरांच्या दवाखान्यात ते कंपाउंडर होते. पगार बेताचा, घर दोन खोल्यांचं, डोक्यावर उन्हानं विटलेला रुमाल आणि अंगाला औषधांचा असा वास, की टांग्याचं घोडं त्यांना पाहून दोन पावलं मागं सरे. पण 'काय मामा, कसं काय?' म्हणून कुणी विचारायचा अवकाश, मामा छाती पुढं काढून म्हणत, "इन क्लोव्हर."

हे इंग्रजी त्यांना एका गोऱ्या साहेबाकडून मिळालं होतं. गड्ड्याच्या जत्रेत जनावरांचा बाजार भरतो, तिथं साहेब तपासणीला आला होता. एक खिलारी बैल लसूणघासाच्या ढिगात पोटापर्यंत शिरून डोळे मिटून रवंथ करत होता. त्याच्याकडं बघून साहेब हसत काहीतरी म्हणाला, त्यातले हे दोन शब्द मामांनी पकडले आणि संध्याकाळी हेडक्लार्कला गाठून अर्थ विचारला. क्लोव्हर म्हणजे विलायतेतलं हिरवं गवत, आपल्या लसूणघासासारखं. त्यात चरायला सोडलेल्या जनावराला देवाकडं मागायला काही उरत नाही, म्हणून ज्याचं झकास चाललंय तो माणूसही इन क्लोव्हर, असं हेडक्लार्कनं समजावलं. मामांना ते पटलं. आयुष्य गुरांत गेलेल्या माणसाला सुखाची याहून सरळ व्याख्या कुठं मिळायची?

तेव्हापासून त्यांनी तो शब्द जो वापरायला काढला, तो मिठासारखा. गरम भाकरीवर शेंगाचटणी आणि तेलाची धार पडली की इन क्लोव्हर. वैशाखात गच्चीवर पाणी शिंपडून, ओली चादर पांघरून आडवे झाले की इन क्लोव्हर. शेजारचे म्हातारे अप्पा वारले, तेव्हा त्यांच्या मुलाचं सांत्वन करताना, अप्पा आता कायमचे इन क्लोव्हर, असं सांगून आले. मामी अक्कलकोटच्या पलीकडल्या; घरात त्यांचं कानडीच चाले. पाहुण्यांसमोर मामांचं इंग्रजी सुरू झालं की त्या आतून हळूच म्हणत, "सुम्निर्री," म्हणजे गप्प बसा. मामा गप्प बसत, आणि गप्प बसण्यातही सुखी दिसत. तीस सालच्या मार्शल लॉच्या दिवसांत चौकात एका गोऱ्या सोजिरानं त्यांना अडवून काहीतरी दरडावून विचारलं. मामांना एक अक्षर कळलं नाही, तेव्हा त्यांनी रुमाल सावरून आपलं नेहमीचं उत्तर दिलं. बंदुकीसमोर इतका खुशालीत असलेला माणूस त्या सोजिरानं पाहिला नसावा. तो खो खो हसला आणि त्यानं मामांना जाऊ दिलं.

या शब्दापायी माझं लग्न मात्र मोडायला आलं होतं. मुलगी मी पाहिली होती आणि ती मनात भरली होती. पण आमच्या घरात शेवटचा शब्द मंद्रूपच्या आत्याचा. बोलणी करायला मामा आमच्याकडं आले, तेव्हा आत्यानं विचारलं की पोरगी कशात वाढलीय. मामांनी उत्साहात सांगून टाकलं, "अगदी इन क्लोव्हर." ते गेल्यावर आत्यानं अर्थ विचारला. माझ्या इंग्रजी शिकलेल्या चुलतभावानं क्षणभर विचार करून सांगितलं की क्लोव्ह म्हणजे लवंग, तेव्हा मुलगी लवंगेत वाढली असा अर्थ होतो. आत्या विचारात पडली. "लवंग कशाला लागती पोरीला? दात किडल्यात व्हय तिचं?" दुसऱ्याच दिवशी निरोप गेला की मुलीचे दात पाहिल्याशिवाय पुढं बोलणं नाही. तिकडून उलट निरोप आला की आमची मुलगी काही बाजारातली गाय नव्हे. ते बरोबरच होतं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही, पण आपल्या लग्नात नवऱ्यानं तोंड उघडायची पद्धत नव्हती.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात टांगा थांबला आणि मामा लसूणघासाचा भारा घेऊन उतरले. घोटाळा कशानं झाला हे त्यांना कळलं होतं. भारा ओसरीवर टाकून त्यांनी आत्याला साहेब, बैल आणि गवत हे सगळं प्रकरण समजावून दिलं. क्लोव्हर ते हे, यात एखादी म्हैस शिरली म्हणजे तिला किती आनंद होतो, तेही सांगितलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "पावणं, मग आमी म्हस करून घेतोय व्हय घरात?"

मामांनी रुमाल काढून मांडीवर ठेवला.

"बाप गेला तेव्हा पोरगी पाळण्यात होती," ते म्हणाले. "मी आणि तिच्या मामीनं वाढवलीय. कधी उपाशी निजू दिलं नाही, की हात उगारला नाही. सुखात वाढलीय, एवढंच सांगायचं होतं."

आत्या म्हणाली, "हे आदी मराटीत सांगाया काय झालं हुतं?" आणि आत गूळ आणायला सांगितला. गवत आमच्या गाईनं दुपारपर्यंत संपवलं.

पुढं काही वर्षांनी मामी गेल्या. त्यानंतर मामा कुणी कसं काय विचारलं तर थोडा विचार करून, ठीक आहे, म्हणत. दर रविवारी ते आमच्याकडं जेवायला येत, भाचीची चौकशी करत, आणि दिवेलागणीला मी त्यांना घरापर्यंत पोचवायला जाई. वाटेत ते फारसं बोलत नसत. पण दाराशी आलो, कुलपाला किल्ली लावली, की त्यांना एकदम काहीतरी आठवे. कुणाच्या बैलाचा खूर, गिरणीचा संप, यंदाची ज्वारी. अंधारून आलं तरी ते मला सोडत नसत. बोलता बोलता त्यांची नजर मधूनच खिडकीकडं जाई. आतला दिवा आता त्यांनाच लावायचा असे.