शब्बाथभर चालू राहिलेली डिस्क

वहिनींना मी सांगितलं की फोटोंची हार्ड डिस्क अचानक गेली. ते खोटं होतं, आणि हे आजवर मी कुणापाशीच बोललो नाही.

दादा कारखान्यातच छातीत कळ येऊन गेला. त्याच्याकडे कॅमेरा होता, कॉम्प्युटर नव्हता. म्हणून शेवटच्या चार वर्षांचे सगळे फोटो इथे इस्रायलात, रामल्याला माझ्या घरी, माझ्या कॉम्प्युटरवर. "भावजी, तेवढ्या सीड्या करून द्या हो," वहिनी म्हणायच्या. "करतो." दादा गेल्याच्या महिन्याच्या प्रार्थनेला त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा तोंडातून निघून गेलं, "केल्यात की. ऑफिसात आहेत."

पुढच्या शुक्रवारी कामावरून आल्या आल्या ते खोटं खरं करायला बसलो, पहिली सीडी लावली. वहिनी शब्बाथसाठी, शनिवार संध्याकाळपर्यंतच्या विसाव्यासाठी, आमच्याकडेच होत्या. त्यांनी शब्बाथचे दिवे लावले, माझे वडील, आबा, टेबलाशी बसले, आणि डिस्क टकटक करू लागली.

कॉम्प्युटर दुरुस्ती हाच माझा धंदा. असा आवाज आला की आधी वीज बंद करा, हे मी गिऱ्हाइकांना दरडावून सांगायचो.

"मशीनला उचकी लागली का, भावजी? कोण आठवण काढतंय?" वहिनी हसल्या. दादा गेल्यापासून पहिल्यांदाच.

"पंखा आहे," मी म्हणालो आणि बटणाकडे हात नेला.

"शब्बाथ लागला, आता बटणाला हात लावायचा नाही," आबा म्हणाले. "एवढं काय अडलंय?"

काय अडलंय ते सांगायचं, तर सीड्या नाहीत हेही सांगावं लागलं असतं. मी हात मागे घेतला. धर्म पाळला म्हणावं, तर तसंही नाही. आबांच्या नकळत मी शनिवारी गाडी काढून समुद्रावर जात असे.

शनिवारभर तो आवाज ऐकला. जेवताना, आबा स्तोत्रं वाचताना. टकटक, मग खर्र. "तो पंखा थांबत नाही का हो?" वहिनींनी एकदा विचारलं. दुपारनंतर तो आपणच थांबला.

बिघडलेल्या डिस्कमधून फोटो काढून देणाऱ्या तेल अवीवच्या माणसाने ती उघडून दाखवली. तबकडीवर नखाने ओरखडल्यासारखं गोल रिंगण. "लगेच बंद का नाही केलीत?" त्याने विचारलं. त्या शुक्रवारी अर्धवट राहिलेली सीडीही उघडली नाही.

वहिनींना सांगितलं, ऑफिसातल्या सीड्याही खराब निघाल्या. उलट त्यांनीच माझी समजूत घातली. "तुम्ही तरी काय करणार, भावजी? मशीनच ते."

आबा आता नाहीत. वहिनी दर शुक्रवारी फोन करतात. सीड्या मी केल्याच नव्हत्या, आणि डिस्क वाचवता आली असती. हे सत्य म्हणजे त्यांचं माझ्यावरचं देणं. अजून दिलेलं नाही.