डाव्या बाहीचं रफू

बाजारात तिला सगळे रफूवाली मावशीच म्हणायचे. जिन्याखालच्या सापटीत तिचं दुकान होतं. एक स्टूल, एक दिवा, सुयांची डबी, झालं दुकान. कोटाला निखाऱ्याचं भोक पडो, शालीला कसर लागो, ती त्याच कापडाच्या आतल्या दुमडीतून धागे काढायची आणि असं विणून द्यायची की गिऱ्हाईक उलटसुलट करून बघत राही. "भोक कुठं होतं ते शोधून दाखवा," ती म्हणायची, आणि गिऱ्हाईक हरलं की खुदकन हसायची.

लेक चार वर्षांची असताना नवरा वारला. त्यानंतर या सुईच्या टोकावर तिनं संसार ओढला. लेक शिकली, शाळेत नोकरीला लागली आणि बावीस वर्षांची झाल्यावर एका संध्याकाळी म्हणाली, "आई, मी मठात जाणार आहे." चर्चच्या सिस्टरांचा मठ, पण साधा नव्हता तो. एकदा आत गेलं की बाहेर नाही. कुणी भेटायला आलं तर मधे लोखंडी जाळी.

"देवाला पोरी कमी पडल्या का गं?" मावशी म्हणाली. "मला तर एकच आहे."

लेक गप्प राहिली. त्या गप्प राहण्यानंच मावशीचं डोकं फिरलं आणि तोंडातून नको ते निघून गेलं, "जायचं तर जा. पण मग माझं तोंड बघायला येऊ नकोस."

लेक गेली. वर्षातून दोनदा तिचं पत्र यायचं. मावशी ते दोनदोनदा वाचून कपाटात ठेवायची. उत्तर लिहायला बसली की वर तारीख घालायची आणि कागद तसाच घडी करून ठेवायची. अशी नऊ वर्षं गेली. दुकानात कुणी विचारलं, "लेक काय करते?" तर ती म्हणायची, "लांब असते," आणि सुईत दोरा ओवायला लागायची.

त्या मठाला लागूनच चारशे वर्षांचं जुनं चर्च आहे. एका संताच्या झग्याची डावी बाही तिथं काचेच्या पेटीत जपून ठेवली आहे. लांबलांबून लोक तिच्या दर्शनाला येतात. मावशीच्या थोरल्या जाऊबाईंनी चर्चला जाणाऱ्या बसमध्ये जागा धरली होती. आदल्या दिवशी त्यांचा निरोप आला, पाय मुरगळलाय, माझी जागा वाया जाईल, तू जा.

मावशी ताडताड त्यांच्याकडे गेली. जाऊबाई पाय उशीवर ठेवून बसल्या होत्या.

"कुठला पाय मुरगळला?"

"हा... उजवा."

"मग डाव्याला पट्टी का बांधलीय?"

जाऊबाईंनी पट्टीकडे बघितलं, मग तिच्याकडे. "तू जा गं बाई," त्या हळूच म्हणाल्या. "किती दिवस स्वतःलाच खात बसशील?"

मावशी गेली. स्वतःला मात्र बजावत राहिली, बाही बघायची आणि परतायचं.

चर्चच्या पायऱ्या मधे झिजून खोलगट झाल्या होत्या. आत गारवा होता, मेणाचा वास होता. वेदीच्या बाजूला पेटीसमोर रांग होती. लोक गुडघे टेकायचे, काचेवर ओठ टेकायचे, पुढं सरकायचे. चर्चची देखभाल करणारा म्हातारा दर वेळी फडक्यानं काच पुसायचा. मावशीची पाळी आली तेव्हा तिनं गुडघे टेकले खरे, पण हात जोडायचं राहूनच गेलं. नाक काचेला लागेल इतकी ती वाकली.

"मावशी, पुढं चला," म्हातारा म्हणाला.

"हे रफू कुणी केलं?"

"कसलं रफू?"

"हे काय, कोपराशी. दोरा नंतरचा आहे. आणि हात शिकाऊ आहे. इथं ओढलंय, इथं सैल सोडलंय."

म्हाताऱ्यानं वाकून बघितलं. "तीस वर्षं काच पुसतोय, मला कधी दिसलं नाही. मठातल्याच कुणी केलं असेल. पूर्वी पेटी त्यांच्याच ताब्यात असायची म्हणतात."

मावशी बाजूला झाली आणि बाकावर टेकली. नजरेसमोरून ते वाकडं रफू हलेना. शंभर वर्षांपूर्वी असेल, दोनशे असेल, कुणीतरी पोरगी भिंतीआड बसून जीव मुठीत धरून टाके घालत होती. तिला धड कुणी शिकवलंही नव्हतं. तिची आई कुठं होती तेव्हा? आली होती का कधी भेटायला?

तेवढ्यात वेदीमागच्या जाळीतून गाणं सुरू झालं. मठातल्या सिस्टर दुपारची प्रार्थना गात होत्या. मावशी बाकाच्या टोकाशी सरकली. तिची लेक लहानपणापासून बेसूर. गायला लागली की मावशी हसून कानांवर हात ठेवायची. आता तोच बेसूर आवाज ती कानांत प्राण आणून शोधत होती. पण सगळे आवाज एकमेकांत मिसळलेले. एकही वेगळा निघेना. नऊ वर्षांत पोरगी सुरात गायला शिकली, की ओठ मिटून उभी होती? की आजारी होती?

गाणं संपताच ती उठली आणि मठाचं दार वाजवलं. खिडकीची फळी सरकली. आतून एका म्हाताऱ्या सिस्टरनं विचारलं, "कोण हवंय?"

मावशीनं लेकीचं घरचं नाव सांगितलं. मठात गेल्यावर नवं नाव मिळतं, त्यामुळं ते तिथं चालत नव्हतं, तरी सिस्टरला कळलं. "तुम्ही तिची आई?"

"हो."

"भेट महिन्याच्या पहिल्या रविवारीच होते हो. आज नाही. पण चिठ्ठी ठेवा."

कागद मिळाला. मावशीनं बराच वेळ पेन धरलं आणि मग लिहिलं, 'बाहीचं रफू कच्चं आहे, पण टिकलंय. पहिल्या रविवारी येते. आई.'

रविवारी ती तासभर आधीच जाऊन बसली. जाळीपलीकडचं दार उघडलं. लेक आली. डोक्यावर कापड, अंगानं बारीक, आणि डोळ्यांना चष्मा.

"चष्मा कधी लागला?" मावशीच्या तोंडून पहिलं तेच निघालं.

"पाच वर्षं झाली, आई."

पाच वर्षं. मावशीनं मान खाली घातली. पत्रात हे कधी आलं नव्हतं, आणि विचारायला तिनं कधी उत्तरच लिहिलं नव्हतं. "मी नको ते बोलले होते गं त्या दिवशी," ती म्हणाली.

"मीही गप्प राहिले."

"गातेस का तू आत?"

"गाते. हळू गा म्हणतात सगळ्या." लेक हसली, आणि हसता हसता चष्मा काढून डोळे पुसायला लागली.

जाळीतून बोटं दुसऱ्या पेरापर्यंतच जात होती. तेवढीच त्यांनी धरली. लेकीच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. मावशीनं विचारलं, आत कसलं काम करतेस, थंडी वाजते का, झोप लागते का. लेकीनं बाजारातल्या एकेकाची चौकशी केली. जाऊबाईंच्या पायाचं ऐकून तर ती इतकी हसली की दारातली सिस्टर डोकावून गेली.

घंटा झाली. लेक उठली, दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "येशील ना?"

"येईन."

दार लागलं. मावशीला वाटलं होतं, एकदा डोळ्यांनी बघितलं की जीव शांत होईल. तसं काही झालं नाही. उलट आता चेहरा ताजा होता, आवाज ताजा होता, आणि पुढचा रविवार चार आठवडे लांब होता. ती जाळीसमोर तशीच बसून राहिली. बोटांवर लोखंडाचे लाल वळ उठले होते. ते मावळेपर्यंत ती जागची हलली नाही.