मेल्यावर लेव्हल राहते का?

मंडळी, आज दुपारी घरात गेम निवडण्यावरून जे झालं, ते अजून डोक्यातून जात नाही.

दादाला कंपनीने ब्रेक दिलाय. चाकणला बऱ्याच ठिकाणी कंत्राटी कामगारांना काही महिन्यांनी घरी बसवतात, म्हणजे त्यांना कायम करावं लागत नाही. मग नवीन म्हणून परत घेतात. नवा गेटपास, पुन्हा ट्रेनिंग, पुन्हा हेल्परचाच पगार.

सकाळी मला चिडवत म्हणाला, "मॅडम, तुमच्या लॅपटॉपवर एखादा भारी गेम टाका. तलवार पाहिजे, आणि आपला माणूस हळूहळू तयार होत गेला पाहिजे."

दुपारी मी रिव्ह्यू वाचून तसाच, लढत लढत आपलं पात्र वाढवायचा, एक ॲक्शन आरपीजी निवडला. गोष्ट छान, चित्रं त्याहून छान.

दादाने एवढंच विचारलं, "मेल्यावर कमावलेली लेव्हल राहते का?"

"नाही रे, परत पहिल्यापासून. त्यातच मजा आहे, असं लिहिलंय."

"लिहिणारा पर्मनंट असणार," दादा म्हणाला. आई हसली. मला नाही हसता आलं.

मग दुसरा शोधला. दिसायला साधाच, पण त्यात हरलो तरी शिकलेलं आपल्यापाशी राहतं. दादा तोच खेळत बसला.

आमच्या घरातली पहिली पदवी माझी. ती कुणी काढून घेऊ शकत नाही. दादा मशीनवर जे शिकला, ते मात्र दर ब्रेकला शून्य धरलं जातं.

तुमच्यापैकी कुणी कंपनीत भरतीचं काम पाहत असेल, तर मनापासून विचारते. तोच माणूस गेटवर परत येतो, तेव्हा त्याला नवीन म्हणताना तुम्हाला काय वाटतं?