बुक्क्याची डबी

एकादशीच्या भजनाला जो येईल त्याच्या कपाळी बुक्का लावायचा, हे काम महादेवराव शिंप्यांकडे वडिलांपासून आलं होतं. एरवी कानडी मुलखातल्या आपल्या गावी, बन्नीमंटपाजवळच्या दुकानात मशीन चालवायची आणि एकादशीला डबी घेऊन विठ्ठल मंदिराच्या दारात उभं राहायचं. ज्याला बुक्का लावला त्याच्या पाया पडायचं, तोही आपल्या पडतो. एकदा पाया पडलं की माणूस घरचा. मग त्याची चौकशी कोणी करत नसे.

आणीबाणी आली आणि सरकारला आपल्याच लोकांची धास्ती वाटू लागली. महादेवरावांचा भाचा बिंदुमाधव कॉलेजात शिकवायचा. त्यानं सरकारविरुद्ध पत्रकं वाटली. चोरी नाही, मारामारी नाही, नुसते कागद! तरी पोलीस हात धुऊन मागे लागले. तो सरगूरला मामांच्या मेव्हण्याकडे जाऊन लपला.

त्या एकादशीला फत्तेसिंगराव नावाचा एक नवा माणूस भजनाला आला. गळ्यात तुळशीची माळ, अभंग तोंडपाठ. महादेवरावांनी त्याला बुक्का लावला, दोघे एकमेकांच्या पाया पडले.

"बिंदुमाधव दिसत नाहीत? जिवाला घोर लागलाय हो," भजन संपल्यावर तो म्हणाला.

"अय्यो, सुखरूप आहे की! सरगूरला, माझ्या मेव्हण्याकडे. अष्टे, एवढंच; कुणाला सांगू नका."

दुसऱ्याच दिवशी बिंदुमाधवला पकडून नेलं. मेव्हणा धावत सांगायला आला, "भावोजी, जीपमध्ये माळवाला एकजण होता. कपाळावर बुक्का तसाच!"

महादेवरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. देवाच्या दारात वाकून चुगल्या गोळा करायच्या, आणि त्याचा सरकारी पगार घ्यायचा!

पुढच्या एकादशीला तो निर्लज्ज पुन्हा हजर! आता त्याला दुसऱ्या कुणाचा तरी भाचा हवा असणार. त्यानं सवयीनं कपाळ पुढे केलं. महादेवरावांनी डबीचं झाकण लावलं.

"बाकी सगळ्यांना आहे. तुला नाही."

"जड जाईल, महादेवराव."

"जाऊ दे."

सकाळी त्यांना दुकानातून उचललं. अर्धा शिवलेला सदरा मशीनवरच राहिला. कारण काय, तर देशाच्या सुरक्षेला धोका. शिंप्याच्या एवढ्याशा डबीचा!

तुरुंगाच्या अंगणात बिंदुमाधव दिसताच महादेवराव त्याच्या पायांशी वाकले. त्यानं घाईनं त्यांना धरलं.

"मामा, हे काय! तुम्हाला कशाला आणलं?"

"त्याला बुक्का लावला म्हणून तू इथे आलास, बाळा. नाही लावला म्हणून मी."